नर्सिंग शिकता शिकता जोडकोर्स कुठला?

आमच्या चाळीतली एक मुलगी जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची आई गळ्यातली पोत गहाण टाकून एका क्लासात सहा महिन्यांच्या नर्सिंग सर्टिफिकेटचे पैसे भरायला निघाली. आम्ही विचारलं, बाई, या कागदावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होते का? नाही. मग पोरगी तीन वर्षं जे शिकतेच आहे, ते दुसऱ्यांदा विकत कशाला? त्यापेक्षा बी.एल.एस. करू द्या. एका दिवसात होतं, दोन वर्षं चालतं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर छाती दाबणं पुतळ्यावर करून घेतात. आमचा जोडीदार साच्यापाशी कोसळला, तेव्हा आम्ही नुसता वारा घालत बसलो होतो! मात्र परीक्षा आधी. पोत अजून घरातच आहे.