चेहरा झाकला होता, तरी दिसला

(नागपूरला कार्यकर्त्यांच्या व्हिडिओ-शिबिरात शेवटच्या दिवशी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



दोन दिवस तुम्ही फोनवर चित्रण करायला शिकलात, मुलाखती घेतल्यात, त्या कॉम्प्युटरवर उतरवून जोडल्यातही. आज मी बोलणार आहे ते संकलनात होणाऱ्या बिघाडांवर. काल जेवताना एक मैत्रीण म्हणाली, "ताई, ते बिघाडाचं काम आपलं नाही. दुकानात नेऊन देऊ, तो पोरगा करून देईल." तिला तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते. त्यासाठी आमच्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही नागपुरातल्या एका वस्तीतल्या बायकांशी बोलून 25 मिनिटांची फिल्म केली. पाच जणी बोलल्या. त्यांतल्या एकीवर बलात्कार झाला होता आणि तिची केस उभी होती. तिची एकच अट होती, चेहरा दिसायला नको. आम्ही तिचा चेहरा धूसर केला, टाइमलाइनवर तीनदा पाहिला, ठीक होता. फिल्म रेंडर करायला बाहेर दिली. दुसऱ्या दिवशी फाइल हातात आली.

फिल्म लोकांना दाखवायच्या आधी तिच्यात बोललेल्या बाईला दाखवायची, असा आमचा नियम आहे. म्हणून ती आली, बसली, पाहू लागली. चौदाव्या मिनिटाला म्हणाली, "थांबवा ना ताई. मी दिसली तिथं."

आमच्यापैकी कोणालाच काही दिसलं नव्हतं. मागे जाऊन एकेक फ्रेम पुढे सरकवली तेव्हा कळलं. बोलता बोलता ती पाण्याचा ग्लास घ्यायला वाकते, तिथे धूसर डाग मागे राहिला आणि चेहरा पुढे गेला. 11 फ्रेम. आमच्या फिल्ममध्ये सेकंदाला 25 फ्रेम होत्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. पण ज्याला वाईटच करायचं आहे त्याला तेवढं पुरतं. तो तिथे थांबवतो, पडद्याचा फोटो काढतो आणि वस्तीभर फिरवतो. ज्याने रेंडर करून दिलं होतं तो म्हणाला, "इतकं कोण बघून राहिलं ताई?" तिने बघितलं होतं. तिला बघावंच लागणार होतं.

हा फक्त तिला दिलेल्या शब्दाचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. आणि हा कायदा आपल्या विदर्भातल्या एका मुलीच्या दुःखातून आलेला आहे. 26 मार्च 1972 ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्या चळवळीमुळे 1983 मध्ये कायदा बदलला. त्याच बदलात भारतीय दंड संहितेत 228-अ हे कलम आलं. बलात्कार झालेल्या बाईची ओळख जाहीर करणं गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. ज्या मुलीमुळे ओळख झाकण्याचा हक्क आला, तिचं नाव मात्र साऱ्या देशाला पाठ झालं. तिच्यापुरती ती वेळ निघून गेलेली होती. आपल्यापुढे बसलेल्या बाईसाठी मात्र ती वेळ अजून आपल्या हातात असते.

आता चूक झाली कशी, ते पाहू. टाइमलाइनवर आपण जे बघतो ती फिल्म नसते. ती खडूने आखलेली खूण असते. ही फाइल इथपासून इथपर्यंत घे, त्यावर हा डाग ठेव, हा आवाज कमी कर, अशा आज्ञांची ती यादी. प्ले केलं की कॉम्प्युटर घाईघाईत, कमी दर्जाचं, मधल्या काही फ्रेम गाळूनही दाखवतो. रेंडर करतो तेव्हा तो पहिल्यापासून सगळ्या आज्ञा पाळत नवी फाइल शिवतो. खडूची खूण बरोबर होती म्हणून ब्लाउज अंगात बसेलच असं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्या कामात दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, फोनचं चित्रण. फोन बहुतेकदा सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त प्रकाश मिळावा म्हणून तो फ्रेमची संख्या घटवतो. उजेड वाढला की वाढवतो. आणि आपल्या मुलाखती कुठे होतात? बंद खोलीत, पडदे ओढून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून पंखा लावून. म्हणजे हा दोष सगळ्यांत जास्त आपल्याच फिल्ममध्ये येणार. दुसरी गोष्ट, आमचा कॉम्प्युटर जुना, म्हणून आम्ही मूळ फाइलच्या हलक्या नकला करून त्यांच्यावर काम केलं. त्यांना प्रॉक्सी म्हणतात. नकलेत फ्रेम सारख्या अंतराने बसल्या होत्या, मूळ फाइलमध्ये नव्हत्या. डाग नकलेवर बसवला आणि रेंडर मूळ फाइलवरून झाला. मोजणी जुळली नाही, डाग मागे राहिला.

उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवशीच करायचा असतो. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात फाइल उघडली की फ्रेमचा वेग 'कॉन्स्टंट' म्हणजे स्थिर आहे की 'व्हेरिएबल' म्हणजे बदलता, ते लिहिलेलं दिसतं. बदलता असेल तर हँडब्रेक या फुकट प्रोग्राममध्ये स्थिर वेगाची नवी प्रत करायची आणि तीच टाइमलाइनवर घ्यायची. केडेनलाइव्ह हे फुकट संकलनाचं सॉफ्टवेअर अशी फाइल आली की स्वतःच सावध करतं. ती सूचना न वाचता बंद करू नका.

आवाजाचा घोळही याच घराण्यातला. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, शेवटी शेवटी आवाज पुढे-मागे जातो. सेकंदाला 29.97 फ्रेमची फाइल 30 ची म्हणून धरली, तर 40 मिनिटांत जवळजवळ अडीच सेकंदांचा फरक पडतो. फरक हळूहळू वाढत गेला तर वेग चुकला आहे असं समजा. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर फक्त आवाजाची पट्टी सरकवायची आहे. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. पाहणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरं, हे पाहून तो म्हणतो, "हिला पढवून बसवलंय." बाई खरं बोलत असते आणि आपल्या आळसामुळे खोटी ठरते.

तिसरा बिघाड नावांचा. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडणी होत नाही. 'किरण' लिहिलं की पहिली वेलांटी क च्या पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. प्रीमियरमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिप्यांची सोय सेटिंगमधून निवडावी लागते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नसेल तर इंकस्केपमध्ये नाव लिहा, मागचा भाग पारदर्शक ठेवून त्याचं चित्र करा आणि ते टाइमलाइनवर ठेवा. जिने आपलं नाव पडद्यावर यावं म्हणून हट्ट धरला, जिला सही करायलाही चाळिशीत शिकायला मिळालं, तिचं नाव मोडकं दाखवायचा आपल्याला अधिकार नाही.

रेंडर मध्येच थांबला तर घाबरून सगळं पुसू नका. आधी डिस्कवर जागा आहे का पाहा. पेन ड्राइव्हवर फाइल 4 जीबीला अडकत असेल तर तो ड्राइव्ह बहुधा फॅट-32 पद्धतीचा असतो. त्यावर त्याहून मोठी फाइल मावतच नाही. मग जुन्या तात्पुरत्या फाइल्स, म्हणजे कॅश, रिकामी करा. ग्राफिक्स कार्डाची मदत बंद करून पाहा. तरीही अडलं तर टाइमलाइनचा पहिला अर्धा भाग वेगळा रेंडर करा, मग दुसरा. ज्या अर्ध्यात अडतं त्याचे पुन्हा दोन भाग. 25 मिनिटांच्या फिल्ममध्ये पाच-सहा वेळा असं केलं की दोष मिनिटाच्या आत सापडतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईला ही रीत नवी नाही. आणि एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुरुस्त झालं, तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

आता मूळ फाइलबद्दल. तिला हात लावायचा नाही. जोडलेली, धूसर केलेली फिल्म प्रचारासाठी, कोर्टासाठी मूळच लागतं. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल 296 मतांचा होता. उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हे ठरवताना निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश'ही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एक फ्रेम बदलली तरी तो बदलतो. म्हणून चित्रण झालं त्याच दिवशी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, हॅश काढून वहीत नोंद, खाली दोघींच्या सह्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान केला जातो, म्हणजे मूळ राहत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी 'जाने भी दो यारो', 'अर्धसत्य', 'परिंदा' यांचं संकलन केलं. 2000 साली त्या गेल्या. बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं कोणी म्हटलं तर मी त्यांचं नाव घेते. पण आपल्याला त्यांच्याएवढं व्हायची गरज नाही. आपल्याला एवढंच यायला हवं की फाइल दुसऱ्याच्या हाती सोपवून "झालं असेल" म्हणायची वेळ येऊ नये.

त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, ते सांगते. आम्ही तिचा तो भाग काढून टाकायला तयार होतो. ती म्हणाली, "काढू नका. माझं बोलणं राहू द्या, मी नको." मग आम्ही चित्रच काढलं. तिच्या शब्दांवर दुसऱ्या एका कार्यकर्तीचा आवाज घातला, कारण यंत्राने बदललेला आवाज बरेचदा पुन्हा मूळ पट्टीत आणता येतो. पडद्यावर चुलीवरचे हात दाखवले. तेही तिचे नव्हेत, कारण तिच्या मनगटावर गोंदण होतं. 2018 मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की नावच नव्हे, ओळख पटेल असं काहीच बाहेर येता कामा नये. भिंतीवरचं शाळेचं कॅलेंडर, दारावरचा घर नंबर, सगळं त्यात आलं. त्यानंतर आम्ही ठरवलं की ज्या बाईला दिसायचं नाही तिचा चेहरा मुळात चित्रितच करायचा नाही. नंतर झाकण्यावर भिस्त ठेवायची नाही.

आणि दुसरी गोष्ट ठरवली. रेंडर झालेली फाइल दोघींनी पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत, आवाज चालू ठेवून, साध्या प्लेअरवर बघायची. झाकलेला भाग एकेक फ्रेम सरकवून बघायचा. मग ती बोललेल्या बाईला दाखवायची. तिने हो म्हटल्यावरच बाहेर काढायची. याला वेळ लागतो, कंटाळा येतो, कार्यक्रमाची तारीख डोक्यावर असते. तरी करायचं.

आता चहा झाला की तुमच्या कालच्या फाइल्स उघडू. प्रत्येकीने आपली नाही, शेजारणीची फिल्म तपासायची आहे.