मागील पानावरून पुढे



आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, प्रथम रिवाजाप्रमाणे अभिनंदन. ते तुम्हांला आज पुष्कळांकडून आणि माझ्यापेक्षा रसाळ भाषेत मिळणार असल्यामुळे माझ्या वाट्याचे एवढ्यावरच आटोपतो, आणि ज्या कामात माझी सारी हयात गेली त्याविषयी बोलतो. कारण दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही, आणि निवृत्त माणसाला व्यासपीठ व मुकाट्याने ऐकून घेणारे श्रोते एकाच वेळी लाभण्याचे योग फार येत नाहीत.

माझा व्यवसाय गवत मोजण्याचा. परिसरविज्ञान हे त्याचे भारदस्त नाव; परंतु उन्हातान्हात माळावर एक चौरस मीटरची लोखंडी चौकट टाकावयाची, तिच्या आतले गवत कापून कुसळी किती, मारवेल किती, पवन्या किती हे जातवार वेगळे करावयाचे, वाळवावयाचे, तोलावयाचे, वहीत उतरवावयाचे, आणि काही पावले पुढे जाऊन पुन्हा तेच करावयाचे, हे त्याचे प्रत्यक्ष रूप. मी उपवर असताना मुलीकडच्या मंडळींना हा उद्योग समजावून सांगणे हे आमच्या वडिलांवर एक संकटच होते; अखेरीस त्यांनी 'मुलगा सरकारी कामावर आहे' एवढेच सांगण्याचा परिपाठ ठेवला, आणि लग्न जमले.

गवत मोजून साधते काय, हा प्रश्न मला वडिलांपासून वरिष्ठांपर्यंत सर्वांनी विचारला आहे. चराई अति झाली की मारवेलीसारखी जनावरांना आवडणारी, वर्षानुवर्षे टिकणारी गवते आधी जातात आणि जनावर तोंड लावीत नाही अशी काटक गवते त्यांची जागा घेतात, म्हणून कोणत्या माळावर किती मेंढरे पोसली जातील हे गवताच्या यादीवरून सांगता येते. पाखरांचेही तसेच: धाविक, चंडोल, माळटिटवी यांना आखूड गवताची मोकळी जमीन लागते. तणमोराला मात्र पावसाळ्यात गुडघाभर गवत हवे, कारण त्याचा नर त्या गवतातून उंच उड्या मारून मादीला आपला ठावठिकाणा कळवतो, आणि गवतच नसेल तर उडी मारण्यात स्वारस्य राहात नाही. कुसळीचे बी तुमच्यापैकी किती जणांनी निरखून पाहिले आहे? त्याला एक लांब पिळदार शेपूट असते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याफिरण्यात ते बी आपले आपण जमिनीत घुसत जाते. आपल्या धोतरात किंवा मेंढीच्या लोकरीत शिरले म्हणजे आपण त्याला शिव्या घालतो, पण ते बिचारे आपले नित्यकर्मच करीत असते.

याच गवताने मला एकदा मोठ्या अडचणीत आणले होते. एका कार्यालयाच्या लेखापरीक्षणात आमच्या प्रकल्पावर आक्षेप निघाला की, सदर इसमाने सरकारी जमिनीतून वेळोवेळी गवत कापून नेल्याचे त्याच्याच नोंदवहीवरून दिसून येते. तरी त्या गवताच्या विक्रीची रक्कम कोणत्या चलनान्वये खजिन्यात भरली, याचा खुलासा सात दिवसांचे आत करावा. मी खुलासा केला की, सारे नमुने एकत्र केले तरी एका शेळीचे एका दिवसाचे पोट भरणार नाही. यावर उलट टपाली पृच्छा आली की, सदर शेळी कोणाच्या मालकीची आहे. मी दुसरा खुलासा केला, त्यावर तिसरी पृच्छा आली. मिसल फुगत गेली, प्रकल्पाची मुदत संपली, अहवाल बासनात बांधला गेला, आणि शेळीचे प्रकरण मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, अद्याप निकालात निघालेले नाही. त्या अहवालावर आजतागायत एकही शेरा आलेला नाही. तो वाचला गेला असता तर निदान एखादा आक्षेप तरी आला असता!

आमच्या धंद्याचे दुखणे असे आहे की, पैसा तीन वर्षांसाठी मिळतो आणि निसर्गाला तीन वर्षांचा हिशेब ठाऊक नसतो. १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजोबा-आजींनी काढला, २०१२ नंतरची कोरडी वर्षे तुम्ही स्वतः पाहिलीत. अशा या मुलखात तीन वर्षे गवत मोजणाऱ्याला फार तर एवढेच कळते की आपल्या वाट्याला सुकाळ आला की अवर्षण. वाघाच्या नावाने निधी मिळतो, हत्तीच्या नावाने मिळतो. लांडगा, खोकड, काळवीट आणि चंडोल यांच्या माळाचे नाव काढले की समोरचा अधिकारी खिडकीबाहेर पाहू लागतो.

आणि ज्याची मोजदाद झालेली नाही त्याची व्यवस्था मात्र लावली जाते. महसुली दप्तर निजामाच्या अमदानीतले असो, मुंबई इलाख्यातले असो की आपल्या राज्यातले, ज्या जमिनीतून सारा येत नाही ती रिकामी, असाच त्याचा समज आहे. आणि रिकामी जागा दिसली की ती भरून काढण्याची सुरसुरी प्रत्येक अमदानीला येतेच. २०१६ साली आपल्या राज्याने एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढल्या वर्षी चार कोटींचा, मग तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटींचा. झाडाशी माझे वैर नाही. गावठाण, बांध आणि रस्ते यांना सावली हवीच. परंतु एवढ्या रोपांना जागा कोठून आणावयाची, या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर गायराने आणि माळ हे होते, आणि बालाघाटाच्या एका पठारावर, जेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तेथे गिरिपुष्पाच्या रोपांसाठी खड्ड्यांच्या रांगा घेतल्या जाताना मी पाहिल्या आहेत. शेजारी मेंढरे घेऊन उभा असलेला एक वृद्ध धनगर मला म्हणाला, "साहेब, कशाला खड्डे खंदायलाव? हितं झाड जगत न्हाई, अन् जगलंच तर गवत जगत न्हाई." मी त्याला सांगितले, "बाबा, खड्डे माझे नाहीत." पुढे त्याच गृहस्थाला त्या रोपांना टँकरचे पाणी घालण्यासाठी रोजंदारीवर ठेवण्यात आले, आणि ते काम त्याने इमानेइतबारे केले, रोजगार मिळत असेल तर तो नाकारण्याइतका तो मूर्ख नव्हता.

माळढोकाची कथा याहून मोठी. मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचेच नाव सुचविले होते, पण १९६३ साली मान मोराला गेला. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. नकाशावर रेघ ओढणाऱ्याचा हात एवढा सढळ होता की शेते, गावे, बाजारपेठा सारे आत आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडथळे आले, आणि ज्या कास्तकाराच्या ज्वारीच्या रानात तो पक्षी पिढ्यान्पिढ्या निर्धास्त फिरत होता त्यालाच तो दावेदार वाटू लागला. अभ्यासकांनी अभयारण्यातल्या नान्नजला मुक्काम ठोकून पक्षी कोठे नाचतो, कोठे अंडे घालतो हे पाहण्यास आरंभ केला तो रेघ ओढून झाल्यानंतर. पुढे ते क्षेत्र सव्वा बाराशे चौरस किलोमीटरांवर आले, पण वरातीमागून घोडे आले होते. आज साऱ्या देशात मोकळ्या रानात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. आणि तेथे विजेच्या तारांवर आदळून मरतात, कारण अंगाने जड आणि समोरचे नीट न दिसणारे असे ते पाखरू आहे.

जुन्नरची गोष्टही अशीच. तेथे २००१ ते २००३ या काळात उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हेतू निर्मळ होता, कोणालाही पटावा असा होता, आणि माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचा चिकाटीने शोध घेतला तेव्हा दिसून आले की अनोळखी मुलखात सोडलेले जनावर तेथील माणसांना अधिक धोकादायक ठरते. अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलखात त्यांनी पुढे जे काम केले त्यातून, जेथे जंगल नाही आणि हरीणही नाही तेथे, शंभर चौरस किलोमीटरांत पाचेक प्रौढ बिबटे गावकुसालगत कुत्र्यांवर गुजराण करीत असल्याचे आढळले, आणि तरीही माणसावर हल्ला ही तेथे क्वचित घडणारी गोष्ट होती. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात पट्टा घालून माळशेजला सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपट त्याच्यावरच निघाला. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. भरतपूरच्या पक्षी-अभयारण्यातही जुन्नरसारखेच घडले: १९८२ साली म्हशींच्या चराईला बंदी केली, दंग्यात गोळीबार होऊन माणसे मेली, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कित्येक वर्षांच्या अभ्यासाने दाखवून दिले की म्हशी गेल्यामुळे पाण्यात गवत माजून पाखरांचीच जागा बुजत चालली आहे. हा अभ्यास बंदीच्या आधी हाती असता तर त्या माणसांचे प्राण वाचले असते, असे मला आजही वाटते, आणि वाटते तेव्हा संताप येतो.

मघापासून मी ज्याच्याभोवती घुटमळतो आहे ते आता सरळच सांगतो. जी जमीन तुम्ही स्वतः पायांखाली घातली नाही, साऱ्या ऋतूंत पाहिली नाही, तिच्याविषयी कागदावर एक ओळही लिहू नका. आणि दुसऱ्याच्या कागदावरून उतरवलेली ओळ तर मुळीच लिहू नका. तुमच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी वनरक्षक, कोणी शिक्षक, कोणी कृषी सहायक, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सज्जन वरिष्ठ तुम्हांला मागच्या वर्षीची वही देऊन म्हणतील की, आकडे थोडे इकडेतिकडे करा आणि 'मागीलप्रमाणे' असे लिहून टाका. राजस्थानातल्या सरिस्क्याच्या व्याघ्र प्रकल्पात हेच झाले. कागदावर वाघ वर्षानुवर्षे चालत राहिले, आणि २००५ साली शोध घेतला तेव्हा रानात एकही नव्हता.

खोट्या नोंदीचे आयुष्य किती असते हे पाहावयाचे असेल तर वनपिंगळ्याची हकीकत ऐका. ती आपल्याच राज्यातली आहे. हे लहानसे घुबड पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ साली शास्त्राला परिचित करून दिले. खानदेशात अंमलदार असलेल्या डेव्हिडसनने १८८४ साली नमुने जमवल्यानंतर ते कोणाच्या दृष्टीस पडले नाही. अपवाद फक्त पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्त्झहागेन यांच्या १९१४ सालच्या, गुजरातेतील मांडवीच्या नमुन्याचा. कर्नलसाहेबांनी नमुन्याला लावलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून भल्याभल्यांनी चुकीच्या मुलखात शोध घेतला. अखेर पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याचा भराव आणि आतली बनावट तपासली, तेव्हा तो डेव्हिडसनच्याच हातचा निघाला: संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला, आणि नवी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ ११३ वर्षांनी वनपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला. शहाद्याच्या आदिवासींच्या लेखी तो कधी हरवलाच नसावा, असा माझा तर्क आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते.

तुमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात अक्षर कसे काढावे, यावर एक अख्खा समास खर्ची घातला आहे. मोक्षाची वाट दाखवणाऱ्या पुरुषाला लेखनाची एवढी मातब्बरी का वाटावी, याचे लहानपणी मला नवल वाटे. सरकारी दप्तरे पाहिल्यानंतर वाटेनासे झाले.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाची नोंदवही करावयाची ठरली. पुष्कळ वर्षे ते काम झाले नाही; मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, पुढे दरमहा दहा लाख रुपये भरण्याची तंबी दिली, आणि ठिकठिकाणी वह्या धडाक्याने तयार झाल्या. त्यांतली एक मी पाहिली. गाव मराठवाड्यातले, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि माशांच्या यादीत खाडीतले मासे! उतरवून घेणाऱ्याने गावाचे नाव तेवढे बदलले होते.

तुमच्या ग्रामपंचायतीतही अशी वही असेल. ती मागून घ्या आणि वाचा. जायकवाडीचा डावा कालवा आल्यापासून अंबड-घनसावंगीकडचे रान उसाने आणि मोसंबीने बदलून गेले; रोही आणि रानडुक्कर कोठून येतात, कोठे दडतात, टिटवी कोणत्या खडकाळ तुकड्यावर अंडी घालते, गायरानाचा कोणता कोपरा अजून नांगराखाली गेलेला नाही, हे तुमच्या घरातल्या मंडळींना ठाऊक आहे आणि त्या वहीत बहुधा नाही. कपाटाची किल्ली सापडत नाही असे सांगण्यात आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तरीही न सापडली तर कोरी वही घ्या, तीवर गावाचे नाव, तारीख आणि स्वतःची सही घाला. मृग निघण्याच्या आत हे झाले तर गवताची पहिली फूट तुमच्या नोंदीतून सुटणार नाही.