कारखान्यांच्या शेजारी उन्हाळी भाजी



पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. पण घरी भाजी लावणाऱ्याला चैत्राची वाट पाहून चालत नाही. महाशिवरात्र आली, पहाटेचा गारठा उतरला, की भेंडी, गवार, दोडका, काकडी यांच्या बियांना हवी असते ती ऊब मातीत तयार होते. तापमान 20 अंशांच्या खाली असेल तर भेंडी नीट उगवत नाही, त्यामुळे जानेवारीत घाईनं टाकलेलं बी बहुतेकदा मातीतच कुजतं. उलट पाडवा उलटल्यावर पेरलं, तर दोन पानांवरचं कोवळं रोप थेट कडक उन्हात सापडतं. म्हणजे महाशिवरात्र ते गुढीपाडवा, जेमतेम महिनाभराची ही संधी आहे.

आज मी विशेषकरून बोलणार आहे ते शिरोली एमआयडीसीच्या परिसरात, म्हणजे पुलाची शिरोली, नागाव, टोप या बाजूला राहणाऱ्या श्रोत्यांसाठी. इथं घराच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला फाउंड्री आणि पलीकडं महामार्ग. अशा ठिकाणी घरची भाजी उत्तम येते. पण बी टाकण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ही माती आली कुठून?

फाउंड्रीतून बाहेर पडलेली काळी वाळू दिसायला भुसभुशीत असते आणि जवळपास सहज मिळते. चिकट काळ्या रानात ती मिसळावी असा मोह होणं साहजिक आहे. कृपा करून मिसळू नका. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते, कोअरच्या वाळूत रेझिन असतं आणि ओतकामानंतर तिच्यात धातूचे कणही राहतात. तीच गोष्ट डब्यांची. रंगाचा, थिनरचा, कूलंटचा किंवा कुठल्याही रसायनाचा डबा कितीही धुतला तरी भाजीला वापरू नये. कुंडी, ग्रो बॅग, खाद्यतेलाचा डबा किंवा पाण्याचा फुटका जार चालेल. तळाला चार-पाच भोकं मात्र हवीत.

घराच्या जागेवर पूर्वी भंगार, राख किंवा भराव टाकलेला असेल, तर जमिनीत न लावता कुंडीतच लावा. शंका असलेल्या मातीत मुळा, बीट, पालक, मेथी अजिबात नको. जड धातू मुळांत आणि पानांत जास्त साठतात, फळात त्या मानानं कमी. रस्त्याकडेच्या घरांनीही हेच धोरण ठेवावं: रस्त्याच्या बाजूला दोडका, गवार, भेंडी अशा फळभाज्या आणि पालेभाजी घराच्या आडोशाला. पानांवर बसलेली धूळ वाहत्या पाण्याखाली दोनदा धुतल्याशिवाय भाजी चिरू नका.

कुंडीचं मिश्रण सोपं आहे. शेतातली चांगली माती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि तिसरा भाग कोकोपीट, भाताचं तूस किंवा कुजलेलं पाचट. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. तिसऱ्या भागानं ती मोकळी राहते. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा त्याला वास आला, तर ते अजून कच्चं आहे असं समजा. कच्च्या खतानं मुळं भाजतात आणि हुमणीही येते.

आता लावायचं काय? सगळंच थोडं थोडं लावण्याचा हव्यास नको. चौघांच्या घरात एका वेळची भेंडी निघायला निदान आठ-दहा झाडं लागतात. दोन झाडांवर रोज दोन भेंड्या पाहत बसावं लागतं. जागा कमी असेल तर दोनच फळभाज्या निवडा. भेंडीत परभणी क्रांती ही जात केवडा रोगाला तोंड देणारी म्हणून पुढं आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वेलभाज्यांत काकडीची हिमांगी आणि फुले शुभांगी, कारल्याची हिरकणी, दुधीची सम्राट या जाती आहेत. गावात कुणाकडं जवारी गवारीचं किंवा जवारी वांग्याचं बी असेल, तर तेही मागून आणा. संकरित वाणाचं बी मात्र पुढच्या वर्षासाठी धरू नका, झाडं एकसारखी येत नाहीत.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून पेरलं, की आठवड्याच्या आत उगवतं आणि साधारण दीड महिन्यात तोडा सुरू होतो. एक दिवसाआड तोडा. एक भेंडी जरी जून होऊन झाडावर राहिली, तरी झाड नवी फुलं धरायला आळस करतं. पालेभाज्यांत उन्हाळ्याचा खरा सोबती पोकळा. बी बारीक, म्हणून चुलीच्या राखेत मिसळून फोका आणि दर दहा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहा. कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली रगडून दोन फाकळ्या करा, रात्रभर भिजवा आणि दुपारी सावली येईल तिथं पेरा. भर उन्हात ती पानांआधी फुलावर येते.

पुदिन्यासाठी बी शोधू नका. बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या, की आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. पानांचा ओवा फांदीवरून, गवती चहा ठोंबावरून लागतो. कढीपत्ता थंडीत झोपलेला असतो. आता शेंडे खुडून शेणखत दिलंत, तर बाजूनं नवी फूट येते.

एक तक्रार पत्रांतून नेहमी येते: वेलाला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. दोडका आणि दुधी यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. सुरुवातीला येतात ती बहुतेक नर फुलं, तेव्हा पहिले काही दिवस धीर धरा. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढं कोवळं फळ आधीच दिसतं. मधमाश्या कमी असतील, तर हे काम हातानं करता येतं. ताजं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. वेळ महत्त्वाची आहे. दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी आणि कारल्याची सकाळी. पहिल्या पाळीहून घरी आलेल्या माणसाला दोडका सोयीचा. दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यानं काकडी लावावी.

पाणी रोज ठरावीक वेळी घालण्यापेक्षा बोट पाहून घाला. दोन पेरांपर्यंत बोट मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा. ओव्हरटाइममुळं वेळ सापडत नसेल, तर मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात एक नीट भाजलेलं, साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा. पाणी झिरपत राहतं, मुळं तिकडं वळतात. मातीवर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. पत्र्याच्या छपरावर कुंड्या ठेवू नका, खालून मुळं भाजतात.

मार्चमध्ये मावा आणि पांढरी माशी येणारच. माव्यावर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तेवढ्यानं नाही भागलं, तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण मिसळून सूर्य कलल्यावर फवारा. पिवळ्या रंगाच्या पत्र्याला ग्रीस लावून टांगलं, की पांढरी माशी चिकटते. ग्रीसला आपल्याकडं तोटा नाही. पांढऱ्या माशीमुळंच भेंडीवर केवडा पसरतो, म्हणून शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसताच उपटून टाका. कारल्या-दोडक्याचं फळ बोटाएवढं झालं, की कागदी पिशवी बांधा, फळमाशी लागणार नाही. किडकं फळ खतात टाकू नका.

आणि मांडव बांधताना एप्रिल-मेमधला वळीव लक्षात असू द्या. आपल्याकडं तो वारं घेऊनच येतो. सुतळीवर चढवलेला भरलेला वेल एका संध्याकाळी भुईसपाट होतो. तार आणि बांबू वापरा, गच्चीवर असाल तर कठड्याला पक्कं बांधा.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एवढं करा: माती मिसळून कुंड्या भरा, पाणी घालून आठवडाभर तशाच राहू द्या, तोवर बी आणि मडकं आणून ठेवा. पुढच्या सुट्टीला पेरलंत, तर पाडव्यानंतर काही दिवसांतच घरच्या पोकळ्याची पहिली भाजी ताटात येईल.