देवघेवीची भाषा

परभाषेचा खरा कस परीक्षेत नव्हे, दुकानाच्या गल्ल्यापाशी लागतो. बंगळूरच्या जे. पी. नगरात मुलाकडे राहावयास आलेला, शाळेत इंग्रजी शिकलेला मराठी गृहस्थ सुटे पैसे मागताना अडखळतो. वस्तुतः ‘चिल्लर’ म्हटले तरी भागते. कानडीतही मोडीस ‘चिल्लरे’च म्हणतात. इंग्रजी ‘चेंज’ हा शब्द मात्र त्याने केवळ ‘बदल’ या अर्थी पाठ केलेला असतो.

‘रिसीट’चेही तसेच. लिहिताना त्यात ‘पी’ हे अक्षर येते, उच्चारात येत नाही. तो शब्द ‘रिसीव्ह’चा, म्हणजे स्वीकारण्याचा, सगोत्र, आपली ‘पावती’ही ‘पावणे’ या क्रियापदापासून आलेली. हे साम्य ध्यानी आले की शब्द विसरत नाही.

हॉटेल सोडण्याचा प्रसंग अधिक नाजूक. ‘चेक-आउट’ म्हणजे हिशेब चुकता करून खोली सोडणे. त्याची वेळ कोठे दुपारी बाराची, कोठे आगमनापासून चोवीस तासांची असते. आधी न विचारणाऱ्यावर जादा भाडे भरण्याची पाळी येते. आणि शब्द सुचत नाहीत म्हणून तो चुकीची आकारणीही मुकाट्याने सोसतो.

2016 साली यूपीआय आल्यापासून पैसे न बोलताही देता येतात, हे खरे. परंतु बिलात चूक असल्यास फोन हरकत घेत नाही. ती माणसालाच घ्यावी लागते. ‘हा आकार कशाचा?’ एवढे इंग्रजीत विचारता येणे ही विद्वत्ता नव्हे. तो स्वाभिमानाचा प्रश्न आहे.