सेवा क्लब आणि आपण गृहिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, म्हणून मी उभी आहे. मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या गावात शाळा तेवढीच होती, आणि पुढच्या शाळेसाठी मुलीला दुसऱ्या गावी धाडायची रीत आमच्या घरी नव्हती. लग्न होऊन २००० साली मी मुलुंडला आले. तेव्हापासून स्वयंपाकघरातला ओटा आणि मंडळाची सतरंजी ह्या दोनच जागा माझ्या सवयीच्या. ध्वनिक्षेपकापुढे उभे राहण्याचा प्रसंग हा पहिलाच. काही चुकले तर पोटात घालावे.

विषय दिला आहे ‘सेवा क्लबांचे कार्य’. आपल्या भागात असे क्लब आहेत हे आपण सर्वजणी जाणतो. पाचरस्त्याला त्यांचे फलक दिसतात, जूनमध्ये वह्यावाटप होते, पावसाळा सरला की आरोग्य शिबिरे भरतात. क्लब म्हटले की पत्ते, पार्ट्या आणि कोटवाले साहेब असेच माझ्या मनात यायचे. पुढे ह्या मंडळींबरोबर काम करण्याचा योग आला तेव्हा समजले की त्यात दिखावा थोडा असेलही, पण कामही खरे आहे.

ह्या क्लबांचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाचे एक वकील होते. मोठ्या शहरात ओळखीचे माणूस मिळेना, म्हणून २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी तीन मित्रांना जमवले. पुढे ही मंडळी पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमू लागली, म्हणून नाव पडले रोटरी. आपली भिशी नाही का पाळीपाळीने घरोघर फिरत? तसेच ते. त्याच शिकागोत १९१७ साली मेल्विन जोन्स ह्यांनी लायन्स क्लबांची संघटना उभी केली. १९२५ साली हेलन केलर ह्या आंधळ्या आणि बहिऱ्या विदुषीने लायन्सच्या अधिवेशनात जाऊन आंधळ्यांच्या कामाला हात घाला असे आवाहन केले. तेव्हापासून नेत्रसेवा हे त्यांचे मुख्य काम झाले. एका बाईच्या एका भाषणाने एवढे घडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता, सेवा ही काही शिकागोहून आपल्याकडे आली असे कोणी समजू नये. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांनी देह ठेवला. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले, पुढच्याच वर्षी रमाबाई रानड्यांनी पुण्यात ते काम सुरू केले. आपल्या मुंबईतल्या पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे. क्लबांनी आणली ती शिस्त. ठरल्या दिवशी सभा, दर वर्षी नवा अध्यक्ष, आणि हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत सोडायचे नाही.

गंमत पाहा, ह्या क्लबांत बायकांना कितीतरी वर्षे प्रवेशच नव्हता. रोटरीवाल्यांच्या घरच्या बायकांनी १९२४ साली इंग्लंडात मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग ह्यांच्या पुढाकाराने स्वतःचा इनर व्हील क्लब काढला. लायन्सनी बायकांना सभासद करून घेतले १९८७ साली, रोटरीने १९८९ साली. आणि एकदा दार उघडल्यावर २०१८ साली लायन्सच्या जागतिक अध्यक्षपदी आइसलंडच्या एक बाई आल्या, २०२२ साली रोटरीच्या अध्यक्षपदी कॅनडाच्या. तेव्हा ‘हे पुरुषांचे काम’ असे म्हणून आपण बाजूला बसण्याचे कारण उरलेले नाही.

माझी ह्या कामाशी ओळख झाली ती पोलिओच्या रविवारी. माझा थोरला २००२ सालचा. त्याला डोस पाजायला बूथवर नेले. तिथे क्लबचे एक गृहस्थ घामाघूम होऊन नावे लिहीत होते आणि आया रांगेत खोळंबल्या होत्या. मी म्हटले, ‘द्या इकडे, मी लिहिते.’ सातवीची का होईना, अक्षर माझे चांगले आहे. तेव्हापासून दर फेरीला मी बूथवर जाऊ लागले. बर्फाच्या पेटीतून कुपी काढायची, तिच्यावरच्या चौकोनाचा रंग पाहायचा, चौकोन काळवंडला असेल तर ती कुपी बाजूला ठेवायची, दोन थेंब पाजायचे आणि डाव्या करंगळीवर शाई लावायची. पुढचे दिवस घरोघर जाऊन राहिलेली पोरे शोधायची. काही घरांत दार लावून घेत. ‘ह्याने पुढे पोरे होत नाहीत’ असा खुळा समज होता. तिथे डॉक्टरांचे कोणी ऐकत नसे. मी माझे पोर कडेवर घेऊन जाई आणि म्हणे, ‘बाई, ह्यालाही पाजले आहे.’ मग दार उघडे.

रोटरीने पोलिओचा हा संकल्प १९८५ साली सोडला होता. आपल्या देशभर पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ साली. शेवटचा रोगी सापडला तो १३ जानेवारी २०११ रोजी, बंगालमध्ये हावड्याजवळ. आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. सरकार, डॉक्टर आणि क्लबांचा पैसा हे सारे होतेच. पण पेटी खांद्याला लावून जिने चढल्या त्या पुष्कळशा बायकाच, हे आपण आपल्या तोंडाने सांगायला हरकत नाही.

दुसरा अनुभव रक्तदानाचा. क्लबच्या शिबिराला आपल्या मंडळातून आम्ही अकराजणी मोठ्या उत्साहाने गेलो. सात जणींना परत पाठवले. रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन निदान साडेबारा लागते आणि वजन ४५ किलो. कोणाचे दहा, कोणाचे नऊ. सगळ्यांना ताजे जेवू घालणाऱ्या आम्ही, आणि आमच्याच अंगात रक्त नाही! २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात ५७ जणींना पंडुरोग आढळला. म्हणजे हे दुखणे आपल्या चाळीपुरते नाही. मला त्या दिवशी शरम वाटली, पण त्यातून चांगलेच निघाले. आपण मंडळात तपासणी सुरू केली, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेऊ लागलो, जेवणानंतर लगेच चहा घेणे सोडले, आणि सर्वांत शेवटी उरलेसुरले खाण्याची सवय निदान थोडी मोडली. पुढच्या वर्षी त्या सातांपैकी चौघींनी रक्त दिले.

क्लबच्या रुग्णसाहित्य केंद्राबद्दल फार बोलत नाही. कुबड्या, वॉकर, चाकांची खुर्ची, पाण्याची गादी हे अनामत ठेवून वापरायला मिळते आणि वस्तू परत केली की अनामत परत. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस अंथरुणावर आहे त्यांना ह्याचे मोल विचारा.

आता जे सांगायचे म्हणून मी आज उभी राहिले ते सांगते. आजवर हे मी मंडळात बोलले नव्हते.

२०११ साली क्लबच्या नेत्रशिबिरात मी चहाच्या व्यवस्थेवर होते. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की आंधळेपण सगळे एका जातीचे नसते. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने नवे भिंग बसवता येते. त्या काळी आपल्या जे. जे. रुग्णालयात असलेले डॉक्टर तात्याराव लहाने ह्याच कामासाठी घरोघर ठाऊक झाले आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण डोळ्यात फूल पडले, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा पांढरा झाला, तर तो पडदा सहसा कारखान्यातून आणता येत नाही. तो बहुतेक वेळा मेलेल्या माणसाकडूनच मिळतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत तो काढावा लागतो. चष्मा असो, मधुमेह असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, वय कितीही असो, बहुतेक माणसांचे डोळे चालतात. एका माणसाच्या दोन डोळ्यांनी दोघांना दिसू शकते.

हे ऐकून महिनासुद्धा झाला नव्हता, तोच आमचे मामंजी गेले. रात्री अकराचा सुमार. घर माणसांनी भरले. कोणी गावी फोन लावत होते, कोणी सामानाची यादी करत होते. मी चहाची किटली घेऊन उभी होते. सहा तास, हे मला ठाऊक होते. डोक्यावर पंखा गरगरत होता. तो बंद करायला हवा, हेही ठाऊक होते. पण धाकट्या सुनेने अशा वेळी असे कसे बोलावे? थोरले भाऊजी काय म्हणतील, आईंना काय वाटेल? मी किटली घेऊन आत गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. पहाटे पाचचे ठोके पडले आणि माझे सहा तास सरले. मी तोंड उघडले नाही.

हे ओझे मी दोन वर्षे मनात वागवले. एके दिवशी मेथी निवडताना सासूबाईंना सांगून टाकले. वाटले, रागावतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘अगं, मला विचारायचेस. ह्यांनी जन्मभर कोणाला दारातून रिकामे धाडले नाही. जातानाच बरे रिकामे धाडले असते?’ आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘माझ्या वेळी गप्प बसू नकोस.’

२०१९ साली त्या गेल्या. सकाळची वेळ होती. ह्या वेळी मी आधी पंखा बंद केला, त्यांच्या पापण्या मिटवल्या, ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी दिली. मग बाहेर येऊन सर्वांसमोर बोलले. थोरले भाऊजी म्हणाले, ‘आईला पुढच्या जन्मी डोळे नकोत का?’ माझे पाय लटपटत होते. मी म्हटले, ‘भाऊजी, आईंनी स्वतः सांगितले आहे. देणाऱ्याला देव कमी करत नाही, हेही त्याच म्हणायच्या.’ आमचे हे माझ्या बाजूने उभे राहिले. क्लबच्या गृहस्थांना फोन केला, त्यांनी नेत्रपेढीला कळवले. तासाभरात माणसे आली. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला पाहिला, आमची सही घेतली, थोडे रक्त तपासणीसाठी घेतले. वीस मिनिटांत काम झाले. एक पैसा घेतला नाही. मागाहून मावशी आल्या, त्यांनी तोंडावरून हात फिरवला, आणि त्यांना काही कळलेसुद्धा नाही. चेहरा होता तसाच शांत होता.

डोळे कोणाला मिळाले हे सांगत नाहीत, तसा नियम आहे. आम्ही विचारलेही नाही. आठ दिवसांनी आभाराचे पत्र आले. ते भाऊजींनी स्वतः वाचले आणि देवघरात ठेवले. गेल्या वर्षी त्यांनी आपला अर्ज भरला.

भगिनींनो, श्रीलंकेसारखा लहानसा देश १९६१ पासून नेत्रदानाचे काम करीत आला आहे आणि त्याने दुसऱ्या देशांनाही डोळे पाठवले. तिथल्या लोकांनी ते पुण्य मानले. आपल्याकडे दधीचीची कथा प्रत्येक घरात सांगतात, मात्र वेळ आली की आपण किटली घेऊन उभ्या राहतो. नुसता अर्ज भरून भागत नाही. शेवटी सही घरच्यांची लागते. म्हणून हे बोलणे आधी घरात व्हायला हवे, आणि घरात बोलणे हे आपल्याच हातात आहे.

म्हणून वर्धापनदिनी माझे मागणे तीनच. पहिले, जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर गॅसच्या नंबराशेजारी स्वयंपाकघरात भिंतीवर लिहा. दुसरे, वर्षातून दोनदा मंडळात रक्ताची तपासणी होऊ द्या. आपण धड तर घर धड. तिसरे, क्लबच्या शिबिरात आपल्याला चहापोह्याचे काम देतात. तेही आनंदाने करू, पण नाव लिहिणे, समजावणे, घरोघर जाणे हेही मागून घेऊ. पैसा त्यांच्यापाशी आहे, ओळख आपल्यापाशी आहे. कोणत्या खोलीत कोण आजारी आहे, कोणाच्या म्हातारीला दिसत नाही, हे क्लबच्या वहीत नसते. ते नळावर कळते.

मी फार बोलले. भाजी अजून चिरायची राहिली आहे असे कार्यवाह बाई खुणेने सांगत आहेत.  आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.