महाग औषधाचा गुण

मराठीत गुण ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. वस्तूच्या अंगचा चांगुलपणा तो गुण. आणि औषध लागू पडून रोग्यास उतार पडला म्हणजे 'गुण आला' असे म्हणण्याची रीत आहे, तोही गुणच. पहिला वस्तूत असतो, दुसरा माणसाला येतो. ह्या दोहोंच्या मध्ये किंमत नावाची तिसरी गोष्ट येऊन उभी राहिली म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्याच्या, आग्नेय टोकास असलेल्या जामखेड तालुक्याकडे जावे. १७९५ सालची खर्ड्याची लढाई ह्याच तालुक्यात झाली आणि अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चोंडी तेही ह्याच तालुक्यातले. परंतु प्रस्तुत विषयाला तेथील ज्या गोष्टीची गरज आहे ती पुष्कळच अलीकडची आहे. आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी थोडे बाजारात हिंडून यावयास हवे.

ह्या भागातला शेतकरी ज्वारी घेऊ लागला म्हणजे भाव विचारण्याच्या आधी पोत्यात हात घालतो. मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यांवर फुंकर मारतो. एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो. दाणा टणक आहे की पोचट, त्याला टोके पडले आहेत काय, अवकाळी पावसात सापडून तो काळा पडला आहे काय, हे सारे त्याच्या डोळ्यांनी, दातांनी आणि तळहाताने त्याला सांगितलेले असते. मग तो भाव विचारतो. व्यापाऱ्याने दुप्पट भाव सांगितला म्हणून पोचट दाणा त्याच्या दृष्टीला टपोरा दिसू लागत नाही. उलट व्यापाऱ्याच्या धाडसाचे त्याला हसू येते. येथे गुण हा धनी आहे आणि किंमत ही त्याची चाकर.

ज्वारीच्या दुकानातून साखरेच्या दुकानात गेले की ही व्यवस्था किंचित डळमळते. साखर ही ह्या जिल्ह्याची घरची वस्तू. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या परिश्रमाने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे नाव सर्वश्रुत आहे. कारखान्यात साखरेची प्रतवारी दाण्याच्या आकारावरून व रंगावरून होते. मोठ्या दाण्याची ती 'एम', लहान दाण्याची ती 'एस'. मोठ्या दाण्याला बाजारात बहुधा चार पैसे अधिक मिळतात. चहात विरघळल्यावर दोहोंची गोडी एकच, तथापि पाहुण्यांसाठी मोठ्या दाण्याची साखर वेगळी ठेवणारी घरे थोडी नाहीत. गुळाची कथा ह्याहून मौजेची आहे. पिवळाधमक गूळ उत्तम आणि काळपट गूळ हलका, ही समजूत इतकी पक्की होती की गुऱ्हाळात रसायने घालून गुळाला उजळा आणण्याची चाल पडली. पुढे शहरात त्याच काळपट गुळाला सेंद्रिय म्हणून सुबक डब्यात घातले, त्याची किंमत वाढविली आणि तोच गूळ लोकांना अधिक खमंग लागू लागला. गूळ घालावा तेवढे गोड, ही म्हण खरी. पण पैसा घालावा तेवढे गोड, असा तिचा अर्थ कोणी केव्हा करून घेतला हे सांगणे कठीण आहे.

किंमतीवरून गुण ठरविण्याच्या ह्या सवयीकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वी गेले आहे. टिबोर सिटोव्हस्की ह्या हंगेरीत जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९४४ साली ह्याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. ही सवय केवळ मूर्खपणाची नाही, असे त्याचे म्हणणे होते. आणि ते रास्त आहे. ज्याला दाणा फोडून पाहता येत नाही त्याने काय करावे? इतर जाणत्या लोकांनी पाहूनच हा भाव ठरविला असेल, असे मानून तो चालतो. पण जाणते उरलेच नाहीत आणि सारेच गिऱ्हाईक किंमतीकडे बघून गुण ठरवू लागले, तर विकणाऱ्याला माल सुधारण्याची गरज राहत नाही; किंमत वाढविली की पुरे.

तेव्हा किंमत ही साक्षीदार आहे, आणि जेथे खरेदी करणाऱ्याचे ज्ञान तोकडे पडते तेथे तिची साक्ष निर्णायक ठरते. ती केवळ बुद्धीलाच पटते असेही नाही, देहालाही पटते. २००८ साली अमेरिकेत ८२ जणांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या मनगटाला विजेचे सौम्य धक्के देण्यात आले आणि वेदनाशामक म्हणून एक गोळी देण्यात आली. निम्म्यांना सांगितले की एका गोळीची किंमत अडीच डॉलर. उरलेल्यांना सांगितले की किंमत उतरवून ती दहा सेंटवर आणली आहे. वास्तविक गोळीत औषध मुळीच नव्हते. महाग गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ८५ जणांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले, स्वस्त गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ६१ जणांनी. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात एकच द्राक्षासव दोन वेगवेगळ्या किंमती सांगून पाजले असता, महाग म्हणून पिताना मेंदूतील सुखाशी निगडित असलेला भाग अधिक उद्दीपित झालेला दिसला. म्हणजे 'मला अधिक चांगले लागले' असे म्हणणारा मनुष्य ढोंगी नव्हता, त्याला ते खरोखरच चांगले लागले होते. मराठी सासुरवाशिणींना हे शास्त्र शिकविण्याची गरज नाही. नावडतीचे मीठ अळणी, हे त्यांनी कोणत्याही यंत्रावाचून ओळखले होते.

आसवाच्या पेल्यात ही गोष्ट गमतीची आहे. रोग्याच्या खाटेपाशी ती गमतीची राहत नाही. औषध ही अशी वस्तू की जिचा दाणा दाताखाली फोडून पाहता येत नाही. घेणारा भ्यालेला, घरचे घाबरलेले. अशा वेळी जे महाग ते खरे, ही समजूत मनाचा ताबा घेते. खेडोपाडी गोळीपेक्षा सुई मोठी आणि सुईपेक्षा सलाईन मोठी, अशी एक चढती भाजणी कैक वर्षे रूढ आहे. थकवा आला की सलाईनची बाटली लावून घ्यावी, अंगात ताकद येते, असे मानणारे लोक अजूनही आढळतात. त्या ताकदीचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत शेकडा ५ ह्या प्रमाणात ग्लुकोज असले तर ते भरते २५ ग्रॅम. तेवढ्याने शंभराच्या आतबाहेर उष्मांक मिळतात. ज्वारीच्या एका बऱ्या भाकरीत त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. आजाऱ्याला पाणी पोटात ठरत नाही, शुद्ध हरपली आहे, अशा वेळी तीच बाटली प्राण वाचविते, हे खरे आणि ते विसरता कामा नये. परंतु ज्याला भाकरी खाता येते तो बाटलीचे मोल देतो तेव्हा तो विकत काय घेतो, तर बहुतांशी तिची किंमत. आणि ते पैसे पुष्कळदा सावकाराकडून किंवा शेळी विकून आलेले असतात.

ह्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. महाग ते चांगले, ह्या समजुतीतून स्वस्त ते कुचकामी, हे अनुमान निघते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महलानबीस ह्यांनी ग्लुकोज आणि क्षार पाण्यात मिसळून ते रोग्यांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. शेकडा ३० च्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्या खाली आले. लॅन्सेट ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली ह्या उपायाची गणना शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधात केली. त्याचे घरगुती रूप म्हणजे एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाबाने कोमेजलेल्या मुलाच्या आईला हे सांगितले तर तिच्या मनात पहिला प्रश्न येतो, एवढेच? साखरमिठाच्या पाण्याला कोणी औषध म्हणते काय? जी वस्तू घरात डब्यात आहे, जिच्यासाठी पदराची गाठ सोडावी लागत नाही, तिच्यावर लेकराचा जीव सोपविण्यास आई कचरते. येथे किंमत नसणे हाच दोष ठरला.

जामखेडची गोष्ट येथे सुरू होते. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ह्याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काही वर्षे राहिले होते. बरे होऊन गेलेले रोगी त्याच रोगाने पुन्हा दाराशी येतात, हे तेथे त्यांनी पाहिले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडला आले. तालुका दुष्काळी, रस्ते वाईट. प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या, पण त्या तेथे रुळल्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडून त्यांना शिकविण्याचे ठरले. त्यांतील बहुतेक निरक्षर, कित्येक दलित समाजातील, काही टाकलेल्या. ज्यांच्या शब्दाला गावाने तोवर कवडीचे मोल दिले नव्हते त्यांच्या हाती आरोग्य सोपविणे, म्हणजे किंमत आणि गुण ह्यांच्या रूढ समीकरणावर थेट घावच होता. फी नाही, पांढरा डगला नाही, सुई नाही. हिच्या सांगण्यात गुण तो काय असणार, असे गावाला वाटले तर नवल नव्हे.

त्यांना पटविण्यासाठी व्याख्याने फारशी उपयोगी पडली नसती. उपयोगी पडला तो ज्वारीच्या बाजारातलाच न्याय. शेजारच्या घरातले मूल साखरमिठाच्या पाण्याने उठून खेळू लागलेले आईने स्वतः पाहिले. मूल जन्मले तेव्हा दाईचे हात धुतलेले होते, पाते उकळलेले होते आणि बाळ जगले, हे गल्लीने पाहिले. दाणा दाताखाली फोडण्याची सोय औषधाच्याही बाबतीत झाली, कारण औषध देणारी बाई गावातच राहत होती आणि तिच्या हाताला येणारा गुण वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली ह्या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ह्या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ ह्या १९८८ साली वॉशिंग्टन येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहाच्या छताला मोठी झुंबरे लटकत होती. झुंबरे सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि दूर आहेत. डॉक्टर असे असतात, असे त्यांनी सांगितले. मग पिशवीतून वातीचे दोन दिवे काढून त्यांनी एक पेटविला आणि त्याच्यावर दुसरा लावून दाखविला. झुंबराला हे जमत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. परिषदेतील विद्वानांना तो समजावयास वेळ लागला नसावा.

जामखेडला जयपूर पाय तयार करून देण्याचे कामही होत आले आहे. हा पाय १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी ह्यांनी जयपुरात घडविला. परदेशी पाय ह्याच्या कितीतरी पट महाग. पण तो घालून उकिडवे बसता येत नाही, की बुटाशिवाय चिखलात उतरता येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने महाग पाय हा कमी गुणाचा ठरला, आणि हे ठरविण्यास त्याला कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही.

ह्यावरून स्वस्त ते सारे उत्तम, असा उलटा निष्कर्ष काढणे म्हणजे एका आंधळेपणातून दुसऱ्यात जाणे होय. हलकी आणि बनावट औषधे बाजारात सापडतात. अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्या त्यासाठीच असतात. महाग वेष्टनातले औषधही नापास होऊ शकते, स्वस्तातलेही. नामांकित कंपनीची गोळी आणि जनऔषधी केंद्रातली गोळी ह्यांत द्रव्य एकच असते, किंमतीत मात्र मोठे अंतर. ही केंद्रे २००८ पासून निघाली. तरी स्वस्त गोळी घरी आणून पुन्हा महाग गोळीसाठी दुकानात जाणारे लोक आहेत.

२०१८ पासून औषधाच्या वेष्टनावर द्रव्याचे मूळ नाव हे व्यापारी नावापेक्षा ठळक, निदान दोन आकारांनी मोठे, छापण्याचा नियम आहे. दोन वेष्टने शेजारी ठेवून ते नाव आणि मात्रा ताडून पाहिली की औषध तेच आहे की नाही ते कळते. दाणा फोडून पाहण्याच्या जवळ जाणारी अशी हीच एक युक्ती गिऱ्हाइकाच्या हाती आहे. अडचण इतकीच की ती अक्षरे बहुधा रोमन असतात. जामखेडच्या वाडीवरील म्हातारीला ती वाचून दाखवावयास कोणीतरी लागते. बहुधा ती गावातलीच एखादी आशा कार्यकर्ती असते, २००५ नंतर देशभर नेमल्या गेलेल्यांपैकी एक.