बंद केल्यावरही ठोके देणारे इंजिन
(वाहनचालकांसमोर केलेले भाषण)



कार्ब्युरेटर असलेली जुनी पेट्रोल गाडी चावी बंद केल्यावरही कधी कधी ठोके देत फिरत राहते. चावी बंद होताच ठिणगी थांबते. परंतु सिलिंडरमध्ये साचलेली काजळी निखाऱ्यासारखी तापलेली असते आणि आत ओढले जाणारे पेट्रोल तिच्यामुळे पेटते.

अशा वेळी इंजिन उघडण्याची घाई करू नये. प्रथम आयडलिंग प्रमाणाबाहेर वाढवलेले नाही ना, हे पाहावे. नंतर इंजिन थंड असताना रेडिएटरमधील पाणी तपासावे. इग्निशनचे टायमिंग बरोबर आहे काय आणि प्लग गाडीसाठी नेमून दिलेल्या प्रकारचेच आहेत काय, याची खात्री करावी. एवढे करूनही दोष राहिला, तरच काजळी काढण्याचा खर्च करावा.

इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलही बंद होते. तेथे थांबताना एकच दणका बसत असेल, तर इंजिनच्या माउंटिंगचे रबर तपासावे.

जुन्या गाडीचे इंजिन थांबेनासेच झाले, तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. मात्र ही सवय नव्हे, तात्पुरता उपाय होय. या ठोक्यांचा ताण पिस्टन व बेअरिंगवर पडतो. वेळीच केलेली तपासणी पुढील मोठा खर्च वाचवते.